माझ्या आजाराचं पूर्ण नाव

दादरच्या डॉक्टरबाईंनी मला तपासलं नाही, कारण माझं लग्न झालेलं नव्हतं.

तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. एका विमा कंपनीच्या फोर्टातल्या कचेरीत पत्रव्यवहार बघत होते, आणि आईवडिलांच्या मागे राहिलेल्या गिरगावातल्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. पाळी जायला आली होती. मधेच, कधीही, डाग पडायला लागले. मी ते वयावर ढकललं. मग एकदा कचेरीत खुर्चीवरून उठले, तर मागच्या टेबलावरची मुलगी झटकन जवळ आली, कानाशी काहीतरी पुटपुटली आणि स्वतःची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळून मोकळी झाली. त्या संध्याकाळी मी दादरला गेले.

या डॉक्टरबाई आमच्या घरच्यासारख्या. माझ्या भावाच्या मुलीचा जन्म त्यांच्याच हातून झालेला. आईच्या शेवटच्या आजारपणात त्या पायऱ्या चढून घरी येऊन गेल्या होत्या. त्यांनी माझं कार्ड काढलं, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "तुम्ही लग्न नाही ना केलंत?" मी नाही म्हटलं. "मग काळजीचं काही नाही. पाळी जाताना होतं असं." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पडद्याआड तपासणीचं टेबल होतं. त्यावर झोपा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आज त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांच्या नजरेत मी आईबापांसाठी लग्नाची राहून गेलेली, घराण्याला शोभणारी थोरली लेक होते. असल्या बाईला असलं काही विचारायचं नसतं. त्या सन्मानानं मी इतकी सुखावले की गोळ्यांची पिशवी घेऊन चालतच शिवाजी पार्काकडे गेले आणि कट्ट्यावर बसून शेंगदाणे खाल्ले.

त्या गोळ्या मी चौदा महिने खाल्ल्या. मधे तीनदा त्यांच्याकडे गेले. डोस बदलला, गोळीचा रंग बदलला, पडदा बंदच राहिला. मग कंबर दुखायला लागली आणि एक वास यायला लागला. तो आपल्याच अंगाचा आहे हे कबूल करायला मला आणखी महिना लागला. शेवटी रजा टाकली, कोणाला न सांगता परळच्या हॉस्पिटलात गेले आणि बायकांच्या रांगेत बसले.

तिथली डॉक्टर पोरसवदा होती. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं. तिनं भराभर विचारलं. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कसली ऑपरेशनं झालीत का. आणि त्याच आवाजात, कागदावरून नजर न काढता, "शरीरसंबंध कधी आले होते का?"

"हो," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत तो हो मी पहिल्यांदा तोंडातून काढला. तिनं फक्त एक खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. आभाळ कोसळलं नाही. रांगेतली पुढची बाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधत होती.

तो माणूस आमच्याच कचेरीतला होता. त्याचं लग्न झालेलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी तेव्हा पस्तिशीत होते, वडील गेलेले होते, आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि दिवसातला एखादा तास कोणीतरी मला माझं म्हणून बघतंय, एवढंच मला पुरत होतं. चार वर्षं चाललं. मग त्याची नागपूरला बदली झाली. निरोप समारंभात मी त्याला कचेरीतर्फे शाल दिली. झालं. याहून जास्त त्याच्याबद्दल लिहायची माझी इच्छा नाही.

तपासताना त्या मुलीचा हात एका क्षणी थांबला, ते मला कळलं. नंतर हात धुऊन ती समोर बसली आणि तिनं विचारलं, "याआधी कोणीच आतून बघितलं नाही?"

"नाही."

"का?"

"लग्न झालं नाही म्हणून."

तिनं केसपेपर उलटा केला आणि पाठीमागे पेनानं एक आकृती काढली. उलटा धरलेला पेरू असावा तशी. खालच्या निमुळत्या टोकावर तिनं पेन टेकवलं आणि म्हणाली, हे गर्भाशयाचं मुख. गाठ इथे आहे. तिनं मला सगळं सांगितलं. कॅन्सर असावा, म्हणाली; तो एका विषाणूमुळे होतो, विषाणू संबंधांतून येतो, फार बायकांच्या अंगात येतो आणि बहुतेकींच्या आपोआप निघूनही जातो. काहींच्या राहतो, आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. एकदा आला तरी राहू शकतो. ज्याच्याकडून आला त्याला बहुधा पत्ताही नसतो. तुकडा काढून तपासायला पाठवला. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून सांगितलं ते असं, की वर्षभर आधी आला असतात तर बहुतेक लहानशा ऑपरेशनात भागलं असतं. आता गर्भाशय काढायचं, आणि नंतर पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा.

आता घरी सांगणं भाग होतं. घर म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान, खासगी बँकेत मोठ्या हुद्द्यावर, लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरात राहणारा. मी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "मला गर्भाशयाचा कॅन्सर झालाय."

रिपोर्टात होतं गर्भाशयमुखाचा. मी मुख गाळलं. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं दुरुस्त केलेली बाई मी; कुठला शब्द काढला की वाक्याची अब्रू राखली जाते ते मला बरोबर कळतं.

भावानं माझं इतकं केलं की त्याच्याबद्दल रागानं लिहिताना हात अडखळतो. त्यानं महिनाभर रजा काढली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्री काढल्या. शेकाच्या पाचही आठवड्यांत रोज गाडीनं न्यायला आला, आणि उलटी झाली तर असू दे म्हणून मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून ठेवली. माझी फाइल काखेत घेऊन तो या खिडकीतून त्या खिडकीकडे फिरला. पण उघडून एकदाही वाचली नाही. बायकांच्या आजाराची फाइल, तिच्यात पुरुषानं कशाला डोकवायचं, अशी त्याची समजूत. तो तिला सभ्यपणा समजत असेल. मीही समजत होते, कारण माझ्या सोयीचं होतं.

शेक संपल्यावर अंगात जरा बळ आलं, तसा रागही आला. आधी मी दादरला गेले. डॉक्टरबाईंना म्हणाले, मला काय झालं होतं ते तुम्हाला सांगायला आलेय. रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. खुर्चीत मागे टेकल्या. त्यांचा चेहरा उतरला, ते मी बघितलं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला विचारायला हवं होतंत."

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की इतक्या वर्षांत दोन-तीनदा त्यांनी बिनलग्नाच्या बाईला हा प्रश्न विचारला होता, आणि दर वेळी ती बाई अपमान झाल्यासारखी उठून गेली. एकीचा भाऊ भांडायला आला होता. मला त्यांना खोटं पाडता आलं नाही. मी बसून राहिले असते का? कट्ट्यावर शेंगदाणे खाणारी ती बाई उठून गेली असती, आणि घरी येऊन भावाला सांगितलं असतं की डॉक्टरबाईंचं हल्ली काही खरं नाही. पण पदवी त्यांच्याकडे होती. टेबल त्यांच्याकडे होतं. प्रश्न झोंबला असता तर झोंबला असता. मी जिने उतरले ते रेलिंग घट्ट धरून, अशक्तपणामुळे आणि रागामुळेही.

मग त्या माणसाला फोन केला. नंबर शोधायला वेळ लागला नाही. कचेरीतल्या आजी-माजी लोकांच्या ग्रुपवर तो रोज सकाळी फुलांची चित्रं टाकतो. तो पुण्यात असतो, नातवाचे फोटो असतात. मी माझं नाव सांगितलं. मी म्हणाले, मला हा असा आजार झाला होता, तो असा होतो, तुमच्या पत्नीलाही धोका असू शकतो, त्यांची एकदा तपासणी करून घ्या. एवढंच सांगायला फोन केलाय.

तो म्हणाला, "तुला काय हवंय?"

मी परत सांगितलं. तपासणी साधी असते, पाच मिनिटांचं काम.

"हे बघ," तो म्हणाला, "या वयात मला यात ओढू नकोस. आणि माझ्याकडूनच कशावरून?"

मी फोन ठेवला. चहाचं आधण गॅसवर तसंच राहिलं आणि पातेलं करपलं. माझं गर्भाशय गेलं होतं, शेकानं आतली कातडी भाजून निघाली होती, लघवीला बसताना रोज जीव मुठीत धरावा लागत होता, आणि ओढलं गेलं होतं त्याला. त्याच्या बायकोनं तपासणी करून घेतली का, मला माहीत नाही. तिचा पत्ता मिळवायचा, तिला पत्र टाकायचं, असं मी कितीदा तरी ठरवलं. पहिलं वाक्य जमत नाही. तिच्याबाबतीत मी त्याच्याहून फार बरी वागले आहे असं नाही.

पुढल्या वर्षी जुलैतल्या एका रविवारी मी भावाकडे जेवायला गेले. रविवारी तिथेच जेवायचं, हा आमचा नेम. भावजयीनं कोलंबीचं भुजणं केलं होतं, माझ्यासाठी कमी तिखट. पानं वाढली, तेवढ्यात भाची एक कागद घेऊन आली. ती तेव्हा चौदाची होती, नववीत, सगळं एका दमात बोलणारी.

"बाबा, उद्या शेवटची तारीख आहे, सही दे."

शाळेत मुलींना लस देणार होते, त्यासाठी पालकांची परवानगी हवी होती. भावानं कागद न बघताच बाजूला सारला. म्हणाला, नाही द्यायची. आमच्या पालकांच्या ग्रुपवर चर्चा झालीय, बहुतेक कोणीच देत नाहीये.

"पण का? बाईंनी सांगितलं कॅन्सरची लस आहे म्हणून. आत्याला झाला होता तोच ना?"

"आत्याचा वेगळा," भाऊ म्हणाला. "जा, आतून पाण्याचा जग घेऊन ये."

ती आत गेली. भावजय वाटीत भुजणं वाढत होती. भाऊ माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून, जणू आम्ही दोघं मिळून कसला तरी व्यवहार उरकतोय अशा सुरात म्हणाला, "ताई, तुझा गर्भाशयाचा. हा मुखाचा. हा कसल्या बायकांना होतो, तू वाचलंयस ना? चौदा वर्षांच्या पोरीला आत्तापासून त्याची लस म्हणजे आपणच तिला सांगितल्यासारखं झालं, की जा बाई, काय करायचं ते कर. आपल्या घरात याची गरज काय?"

माझ्या बोटांना भात होता. तो मी ताटाच्या कडेला नीट पुसला, हे मला आठवतं. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. मी गप्प बसले तर दुपार सुरळीत जाईल. भुजणं संपेल, आइसक्रीम येईल, तो मला गाडीनं गिरगावला सोडेल. आणि ही मुलगी, जी पाण्याचा जग हिंदकळत आणत होती, ती माझ्या गाळलेल्या शब्दाची किंमत भरेल.

"माझा मुखाचाच होता," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. "म्हणजे?"

"कसल्या बायकांना होतो म्हणालास ना. मला झाला. मी तुला अर्धं नाव सांगितलं होतं."

भाची जग घेऊन दारातच उभी राहिली. भावजयीची पळी वाटीवर थांबली. भावाचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू लाल झाला. तो म्हणाला, "म्हणजे तू..."

"हो. एक माणूस होता. चार वर्षं. तुला एवढं पुरे. आणि एकच असला तरी होतो, लग्नाचा असला तरी होतो. नवऱ्याकडून झालेल्या किती जणी माझ्याबरोबर शेकाला बसायच्या, हातात हिरव्या बांगड्या घालून. त्या कसल्या बायका होत्या?"

तो उठला. बेसिनशी जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले. पाठमोराच म्हणाला, "आई असती तर काय वाटलं असतं तिला?"

"आई तेव्हा होती," मी म्हणाले.

मग तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आमच्या घरात दारं आपटत नाहीत. आमच्या घरात सगळं हळूच लोटतात. मी ताटावरून उठले, पर्स घेतली. भाची लिफ्टपर्यंत आली. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती, नवीन कोणी असावं तशी. लिफ्टचं दार बंद होताना तिनं विचारलं, "आत्या, तू पोचलीस की फोन करशील?" मी हो म्हटलं. टॅक्सी केली आणि घरी पोचल्या पोचल्या तिला फोन केला.

भावाचा फोन आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही.

दोन शनिवारांनी भावजय एकटीच गिरगावला आली. ती सहसा एकटी येत नाही. आल्या आल्या तिनं पर्समधून शाळेचा तो कागद काढून टेबलावर ठेवला. तारीख उलटून गेली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुमची फाइल मी वाचली होती. ऑपरेशनच्या दिवशी. हे चहा प्यायला खाली गेले होते, तेव्हा."

म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. दर रविवारी ती मला वाढत होती, तिखट कमी करत होती, आणि तिला माहीत होतं. खरं तर मला तिच्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले. मी म्हणाले, तुला माहीत होतं, मला काय झालं होतं, कशानं झालं होतं. आणि तुझा नवरा तुझ्या मुलीचा कागद बाजूला सारत होता तेव्हा तू भुजणं वाढत होतीस?

तिनं मान खाली घातली नाही. ती म्हणाली, "मी काय करायला हवं होतं? यांना सांगायचं, की तुमच्या बहिणीला तोच झाला होता? ते माझं होतं का सांगायचं? आणि न सांगता लशीसाठी हट्ट धरला असता तर त्यांनी पहिलं मलाच विचारलं असतं, तुला कशी एवढी माहिती." तिनं पेला खाली ठेवला. "मी वाट बघत होते तुम्ही बोलाल म्हणून."

ती माझी वाट बघत होती, मी डॉक्टरबाईंची वाट बघितली होती, डॉक्टरबाई माझी. शिकल्यासवरलेल्या, पगार मिळवणाऱ्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या बायका आम्ही, आणि दुसरीनं तोंड उघडावं म्हणून माना वळवून बसलेल्या. मी खाली बसले. काही वेळानं चहा केला. तिनं विचारलं, लस शाळेतच घ्यावी लागते का? नाही. आईची सही चालते का? चालते. मग ती म्हणाली, सोमवारीच जाऊ या. यांना मी आधी सांगणार आहे, विचारणार नाही.

तिनं त्याला सांगितलं. तो काय म्हणाला, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघी दादरच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. चित्रं चिकटवलेल्या भिंती, रडणारी तान्ही बाळं, आणि त्यांच्यात शाळेच्या गणवेशातली आमची लांबुडकी मुलगी. डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, आता एक डोस, सहा महिन्यांनी दुसरा. मोठी झालीस, की तरीही वेळच्या वेळी तपासणी करायची. लस घेतली म्हणजे सुटलो, असं समजायचं नाही.

तिनं बाही वर केली आणि विचारलं, "हा व्हायरस मुलांकडून पण येतो ना? मग त्यांना का नाही देत?"

"देता येते की," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे अजून तरी कोणी मुलाला घेऊन आलेलं नाही."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं, हवा कशी आहे ते सांगावं तसं. सुई टोचली, कापूस लावला. भावजय लेकीचा दुसरा हात धरून खिडकीकडे बघत होती. माझ्या मनात एकच येत होतं, की एवढंच होतं. दंडाला मुंगी चावल्यासारखं, एवढंच. आणि ते आमच्या घरात अडवायला एक पुरुष, दोन बायका, एक शाळेचा ग्रुप आणि आमच्या घराण्याची सगळी अब्रू कामाला लागली होती.

परळला माझी दर काही महिन्यांनी तपासणी असते. भाऊ आजवर न चुकता यायचा. या वेळी भावजय आली. मी तिला म्हणाले, आलीच आहेस तर तुझीही करून घे. ती म्हणाली, मला काही त्रास नाही. मी म्हणाले, त्रास झाल्यावर काय होतं ते तू फाइलीत वाचलंयस. ती गेली. पाच मिनिटांत बाहेर आली, साडीच्या निऱ्या सारख्या करत. म्हणाली, लाज वाटली, पण दुखलं नाही. तिचा रिपोर्ट चांगला आला.

भाऊबीजेला भाऊ आला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवलं, वाकून नमस्कार केला, आणि फराळाला हात न लावता दहा मिनिटांत उठला. दारात जोडे घालताना म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?" मी बरी आहे म्हटलं. वॉर्डाबाहेर बाकावर झोपणारा माझा भाऊ हाच, हे मी विसरलेले नाही. पण त्यानं तेव्हा ज्या बहिणीची सेवा केली ती त्याच्या डोक्यातली होती. खरी समोर आली तेव्हा त्याला फराळ गोड लागला नाही. लोक मला सांगतात, वेळ जाऊ दे, निवळेल. निवळेलही. माझ्या बाजूनं निवळायची मला घाई नाही.

जानेवारीत दुसरा डोस झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाचीनं वर्गातल्या आपल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. लस काय असते, कशाची असते, आत्याला काय झालं होतं. ती मैत्रीण घरी जाऊन बोलली, आणि तिच्या आईनं माझ्या भावाला फोन केला. तुमची मुलगी वर्गात नको नको ते बोलते, म्हणाली. भाऊ म्हणाला, ते तिची आई बघते, आणि फोन ठेवला. भावजयीनं मला हे सांगितलं तेव्हा तिला त्यात थोडी सुधारणा दिसत होती. तो ओरडला नाही, मुलीला रागावला नाही. मला त्यात फक्त हात झटकणं दिसलं. आम्ही दोघी आपापल्या मतावर राहिलो.

शनिवारी भाची माझ्याकडे गणित करायला आली. वही उघडली, पण पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, शाळेत बाईंनी बोलावून सांगितलं, की हे विषय वर्गात काढायचे नाहीत. गंमत म्हणजे लशीचं आधी त्याच बाईंनी सांगितलं होतं. मैत्रीण आता तिच्याशेजारी बसत नाही. तिनं विचारलं, "मी गप्प बसू का?"

"तुझ्या मैत्रिणीला लस मिळाली का?" मी विचारलं.

"नाही ना."

"मग बोल. आणि कोणी विचारलं, तुला हे कोणी शिकवलं, तर माझा पत्ता दे. म्हणावं, तिलाच येऊन विचारा."

तिनं तो खरोखर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला, पिन कोडसकट, जणू तिला तो पाठ नव्हता. मग आम्ही गणित केलं. अजून कोणी आलेलं नाही. शनिवारी मी घरीच असते.